नटसम्राटाचं बोलणं कोण ऐकतं?

'नटसम्राट' हे नाव ऐकलेलं नाही, असा मराठी माणूस विरळाच. वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली गोवा हिंदु असोसिएशननं रंगभूमीवर आणलं. दिग्दर्शक होते पुरुषोत्तम दारव्हेकर आणि गणपतराव बेलवलकर झाले होते डॉ. श्रीराम लागू. २०१६ साली महेश मांजरेकरांनी त्यावर चित्रपट केला. त्यात गणपतराव साकारले नाना पाटेकरांनी.

गोष्ट तीच. निवृत्त झालेला नट सारं काही मुलांना वाटून टाकतो. आधी मुलाकडे, मग मुलीकडे राहतो. शेवटी चोरीचा आळ येतो आणि नवरा-बायको घराबाहेर पडतात. मग चित्रपटात वेगळं काय घडलं?

नाटकाचा प्राण आहे गणपतरावांच्या स्वगतांत. स्वगत म्हणताना पात्र मंचावर एकटं असलं, तरी समोर भरलेलं प्रेक्षागृह असतं. घरात ज्याचं बोलणं कुणाला नको झालं आहे, त्याचा शब्द न् शब्द शेकडो माणसं श्वास रोखून ऐकतात. घरानं नाकारलेल्या नटाला त्याचे प्रेक्षक तिथं परत मिळतात.

पडद्यावर ही सोय नाही. तिथलं घर खरं, रस्ता खरा, कॅमेरा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. स्वगतं तिथंही आहेत. पण माणूस सतत एकटाच बोलू लागला, तर ते खोटं वाटायला लागतं. म्हणून चित्रपटानं गणपतरावांना एक मित्र दिला, रामभाऊ. मूळ नाटकात नसलेलं हे पात्र विक्रम गोखले यांनी साकारलं. इस्पितळात हे दोन म्हातारे नट कर्ण आणि कृष्ण होऊन बोलतात, तेव्हा एकट्याचं दुःख दोघांचं होतं. प्रेक्षागृहाची जागा तिथं मित्रानं घेतलेली असते.

यात थोडं हरवलंही. रंगमंचावर गणपतराव थेट आपल्याशी बोलत, त्यामुळे जबाबदारी आपल्यावर येई. पडद्यावर ऐकणारा रामभाऊ असतो. आपण बाजूला बसून डोळे पुसतो.

मुलांनी आईवडिलांना जागा दिली होती, जेवणही दिलं होतं. वडिलांचा चढा आवाज, फटकळ जीभ आणि जुन्या दिवसांच्या गोष्टी मात्र त्यांना जड झाल्या. आपल्याही घरात तीच ती गोष्ट पुन्हा सांगणारं कुणी असेल. आज संध्याकाळी टीव्हीचा आवाज थोडा कमी करून ती आणखी एकदा ऐकायला काय हरकत आहे?