सहलीच्या बॅगेत ऑफिसचा लॅपटॉप

यंदा मे महिन्यात आमच्या वस्तीतलं एक कुटुंब तीन दिवसांसाठी मुरुड-जंजिऱ्याला गेलं. घरातली ही पहिलीच सहल. वडिलांची तीस वर्षं झाडूखात्यात गेली, आईची लोकांकडची धुणीभांडी करण्यात. मुलगा घरातला पहिला कॉम्प्युटरवाला. पगारवाढ मिळाली तेव्हा त्यानेच हौसेने खोली बुक केली आणि जाताना सॅकमध्ये ऑफिसचा लॅपटॉपही टाकला. "सकाळी तासभर बसेन, बस्स."

तासाचे सहा तास झाले. आई जन्मात पहिल्यांदा समुद्रात उतरली, तेव्हा तो खोलीत पलंगावर पोक काढून कॉलवर होता.

विहारात दर रविवारी आम्ही बीपी तपासतो. परत आल्यावर तो तिथे आला. मान आखडलेली, डोळे लाल. बीपी १५०/९६, वय अठ्ठावीस. एका मोजणीवरून आजार ठरत नाही. म्हणून पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं आणि पुढच्या रविवारी परत बोलावलं. आम्ही विचारलं, "रजा होती ना रे?" तो म्हणाला, "ताई, फोन उचलला नाही तर कामावरून कमी करायच्या यादीत पहिलं नाव माझं."

त्याला नुसता बोल लावून उपयोग नाही. घराचा हप्ता त्याच्यावर, बहिणीचं कॉलेज त्याच्यावर. पण शरीर ही कारणं ऐकत नाही.

शरीरात काय होतं?

डोळे : स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा.

मान : लॅपटॉपची स्क्रीन आणि बटणं एकत्र जोडलेली असतात. हात नीट ठेवले की मान वाकते, मान सरळ ठेवली की खांदे वर चढतात. जास्त वेळ बसायचं असेल तर लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा आणि कीबोर्ड-माऊस वेगळा लावा.

मांडी : तापलेला लॅपटॉप रोज तासन्‌तास मांडीवर ठेवला तर कातडीवर काळपट जाळी उठू शकते. पुरुषांच्या अंडकोषांनाही ती उष्णता बरी नाही. गादीवर ठेवला तर हवेची भोकं बुजतात आणि मशीन आणखी तापतं. टेबल वापरा.

गाडीत : डोळे स्थिर स्क्रीन बघतात, कानाच्या आतल्या भागाला मात्र हलणं जाणवतं. या गोंधळातून मळमळ होते, डोकं दुखतं. धावत्या गाडीत लॅपटॉप उघडूच नका.

झोप : रात्री उशिरापर्यंत स्क्रीनचा उजेड डोळ्यांवर राहिला की झोप लांबते. त्यात साहेबाचा मेसेज वाचला की दिवा बंद केला तरी डोकं चालूच.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास मांडला. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त, असं त्यात आढळलं. तुलना होती ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी. म्हणून सुट्टीला चैन समजू नका.

न्यावाच लागला तर

– निघण्याआधी आपलं काम कोण बघणार, हे मेलवर लेखी ठरवा.
– रोजची एकच वेळ ठरवा, उदाहरणार्थ सकाळी ७ ते ८. ती घरच्यांना आणि ऑफिसला दोघांनाही सांगा.
– वेळ संपली की लॅपटॉप बंद करून बॅगेत ठेवा. फोनवरचे ऑफिसचे मेसेजही गप्प करा.
– रजेच्या दिवशी काम करावं लागलं तर तास लिहून ठेवा आणि बदली रजा लेखी मागा.
– घरच्यांनी टोमणे मारू नयेत. वेळ झाली की हाताला धरून बाहेर न्यावं.

ही सुट्टी कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४५ मध्ये, कारखान्यातल्या कामगारांना भरपगारी रजेचा कायदा झाला आणि १९४६ मध्ये कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मोकळं राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे असं खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. एकट्याने साहेबाला नाही म्हणणं अवघड असतं. चार-पाच सहकाऱ्यांनी मिळून लेखी विचारलं तर बळ येतं.

पुढच्या रविवारी त्या मुलाचं बीपी १३४/८६ आलं. अजून लक्ष ठेवावं लागेल. मीठ कमी, चालणं रोज आणि महिन्याला मोजणी, असं सांगितलंय. डिसेंबरात ते पुन्हा मुरुडला जाणार आहेत. आईने बजावलंय, "या खेपेला पाण्यात तुझा हात धरून उतरणार."

तीसच्या आतलं पोरगं आहे म्हणून बीपी नसेल, असं धरून चालू नका. तुमच्या घरातल्या लॅपटॉपवाल्यालाही या रविवारी घेऊन या.

जयभीम.