कोकणातली आंबट माती आणि चुना

परिसर अभ्यासाच्या तासाला मातीचा विषय चालू होता. मालाडच्या आमच्या वर्गात कोकणात गाव असलेली मुलं बरीच. एकजण म्हणाला, "बाई, आजोबांच्या भुईमुगाच्या शेंगा पोचट निघाल्या. बाबा म्हणतात, चुन्याची गोणी नेऊन टाकू." तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख. पालकांनीही वाचावा.

दक्षिण कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. हे पाणी जांभ्याच्या मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतं. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. मातीची आम्लता सामूने, म्हणजे पीएचने मोजतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल. सामू ५ असलेली माती ६ वाल्या मातीपेक्षा दहापट आम्ल असते (हे सांगितलं की मुलं डोळे मोठे करतात!). अशा मातीत स्फुरद लोहाला चिकटून बसतं, टाकलेलं खत पिकाला पुरेसं मिळत नाही.

चुना आम्लता कमी करतो आणि कॅल्शियमही देतो. भुईमुगाची शेंग कॅल्शियम थेट भोवतालच्या मातीतून घेते. ते कमी पडलं तर दाणा भरत नाही. अर्थात, पाण्याचा ताण पडला तरी शेंगा पोचट होतात. जिप्सममधून कॅल्शियम मिळतं, पण आम्लता हटत नाही. भाताला मात्र सहसा चुना लागत नाही. खाचरात पाणी तुंबून राहिलं की काही आठवड्यांत सामू आपोआप ७ कडे सरकतो. काजूलाही आंबट माती चालते.

म्हणून त्या बाबांना मी म्हटलं, गोणीआधी माती तपासा. शेतात आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यायची. चुना किती, हे सामूवर आणि माती हलकी की भारी यावर ठरतं. अंदाजाने जास्त पडला तर लोह, जस्त मिळेनासं होऊन पानं पिवळी पडतात. पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी तो मातीत मिसळावा. युरिया किंवा शेणखताबरोबर नको, त्यातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

वर्गात जास्वंदीची पाकळी कागदावर चोळून प्रयोग करता येतो. लिंबाने डाग गुलाबी होतो, चुन्याच्या निवळीने हिरवट. मातीचा सामू यावर कळत नाही, एवढं मुलांना सांगा. निवळी आपणच आधी करून न्यावी. कळीचा चुना पाणी पडताच उकळतो, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.