जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसविण्यापूर्वी

खताची पोती, भाजीपाल्याचे क्रेट व मजूर यांची ने-आण करण्यासाठी आजही काही बागायतदारांकडे जुनी पेट्रोल जीप आहे. तिचा सांगाडा मजबूत असतो आणि पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्याला फोर-व्हील हमखास कामास येते. अडचण येते ती पेट्रोलच्या खर्चाची. मग एखादा मिस्त्री सुचवितो की, मॅटाडोरचे जुने इंजिन टाका, निम्म्या खर्चात गाडी पळेल. पूर्वी हा सल्ला पुष्कळांनी मानला. कोणी मॅटाडोरचे इंजिन बसविले, तर कोणी ट्रॅक्टरचे. त्या काळी डिझेल फारच स्वस्त होते. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. दोन्ही दरांतील अंतर आता पूर्वीइतके राहिलेले नाही. त्यामुळे हा हिशेब नव्याने मांडणे जरूर आहे.

समजा, जीप वर्षाला ५,००० किलोमीटर चालते. पेट्रोलवर ती लिटरला ८ आणि डिझेलवर १२ किलोमीटर जाते असे धरू. म्हणजे वर्षाला पेट्रोल ६२५ लिटर किंवा डिझेल सुमारे ४१७ लिटर लागेल. पेट्रोल १०४ रुपये व डिझेल ९० रुपये दराने बचत साधारण २७,५०० रुपये होते. सर्व कामाला दीड लाख रुपये लागले तर ते वसूल होण्यास साडेपाच वर्षे लागतील. गाडी वर्षाला २,००० किलोमीटरच चालत असेल तर तेरा-चौदा वर्षे लागतील! आपल्या गावचे दर व आपले किलोमीटर घालून हा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा.

दीड लाखाचा आकडा वाचून काहींना आश्चर्य वाटेल, कारण जुन्या बाजारात इंजिन त्याहून बरेच कमी किमतीत मिळते. परंतु इंजिन हा खर्चाचा एक भाग झाला. डिझेल इंजिनात हवा पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून अधिक दाबली जाते, म्हणून त्याचे ब्लॉक, क्रँक व हेड जाड आणि वजनदार असतात. हे वजन पुढच्या पाट्यांवर येते व पाटे बसतात. इंजिनाचे फाउंडेशन चेसीवर नव्याने करावे लागते. ऑइलचा संप पुढच्या डिफरन्शियलवर आपटत नाही ना, हे गाडी खड्ड्यात घालूनच कळते. इंजिन व गिअर बॉक्स यांच्यामध्ये लेथवर तयार केलेली जोडप्लेट लागते. तिचा मध्य किंचित जरी चुकला तरी क्लच प्लेट व गिअर बॉक्सचा पुढचा बेअरिंग वारंवार जातो. जुन्या जीपचा तीन गिअरचा बॉक्स पेट्रोल इंजिनासाठी केलेला आहे. डिझेलचे हादरे त्याला फार काळ सोसत नाहीत. शिवाय मोठा रेडिएटर, जास्त क्षमतेची बॅटरी, हीटर प्लगची जाड वायर, डिझेलची परतीची नळी आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर ही कामे निघतातच.

ब्रेकबाबत विशेष काळजी घ्यावी. ज्या गाडीला व्हॅक्यूम बूस्टर आहे, तिथे पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून आपोआप व्हॅक्यूम मिळतो. डिझेल इंजिनात तसा मिळत नाही, त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. तो राहिला तर पेडल दगडासारखे लागते, आणि हे घाटाच्या उतारावर लक्षात येणे परवडणारे नाही.

वेगाचाही प्रश्न आहे. जुन्या जीपच्या डिफरन्शियलचे प्रमाण ५.३८ आहे. ६.०० × १६ चे टायर एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जाते. त्या हिशेबाने टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला ४,००० फेऱ्यांना ताशी सुमारे ९८ किलोमीटर वेग मिळतो. ट्रॅक्टरचे इंजिन २,२०० फेऱ्यांपर्यंतच नेता येत असेल तर गाडी ५४ च्या पुढे जाणार नाही. शेतावर हे चालेल, हमरस्त्यावर मात्र मागून हॉर्न वाजत राहतील. यावर उपाय म्हणून काही जण मागचे क्राउन-पिनियन तेवढे बदलतात. असे कधीही करू नये. पुढचे व मागचे प्रमाण वेगळे असताना फोर-व्हील लावली की चाके एकमेकांविरुद्ध ओढतात आणि ऑक्झिलरी गिअर किंवा शाफ्ट तुटतो.

आता कायद्याविषयी. खरे तर चौकशीची सुरुवात येथूनच करावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. दुसऱ्या इंधनासाठी बदल करायचा तर कन्व्हर्शन किट बसवून, ठरवून दिलेल्या अटींनुसारच करता येतो. मूळ गाडीच्याच कंपनीचे इंजिन बसवायचे झाले तरी परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा अडवू शकते, तो तोटा वेगळाच. म्हणून लेखी परवानगी हाती येईपर्यंत मिस्त्रीला विसार देऊ नये.

ज्यांची जीप फक्त शेत ते गाव एवढीच फिरते, त्यांनी आमच्या मते मूळ इंजिनाचीच दुरुस्ती करावी. बोअर करून पिस्टन-रिंग बदलणे, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, कार्ब्युरेटरची साफसफाई एवढ्याने ॲव्हरेज पुष्कळदा सुधारते. घासत राहणारे ब्रेक आणि कमी हवेचे टायरही पेट्रोल खातात, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

आधीच डिझेल केलेली जीप विकत घेणाऱ्यांनी ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर आरसी बुकातील नंबराशी आणि तेथे लिहिलेल्या इंधनाशी स्वतः ताडून पाहावा. चेसी नंबरही पाहावा. विकणारा "नंतर नोंद करून देतो" म्हणाला तर नोंद होईपर्यंत व्यवहार थांबवावा.