गर्भावस्थेतील डोकेदुखी : सुरक्षित उपचार आणि रक्तदाब तपासणीचे महत्त्व (घोलवड परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे आदिवासीबहुल तालुके आहेत. डहाणू तालुक्यातील घोलवड हे गाव चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असून येथील चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या परिसरातील अनेक स्त्रिया गरोदरपणातही बागांत, भातशेतीत किंवा हंगामी स्थलांतर करून वीटभट्ट्यांवर राबतात. उन्हातील कष्टांमुळे डोके दुखणे नित्याचे वाटते आणि दुकानातील गोळीवर वेळ निभावली जाते. गर्भावस्थेत ही सवय घातक ठरू शकते. कोणती डोकेदुखी घरी हाताळता येते आणि कोणत्या डोकेदुखीत विनाविलंब रुग्णालय गाठावे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सामान्य कारणे व प्राथमिक उपाय :
उपाशी राहणे, पाणी कमी पिणे, अपुरी झोप, मानेवरील ताण आणि अर्धशिशी ही नेहमीची कारणे होत. पुरेसे पाणी, वेळेवर थोडे थोडे खाणे, सावलीत विश्रांती आणि कपाळावर गार पाण्याची पट्टी यांनी अशी डोकेदुखी बहुधा शमते. अर्धशिशीचा त्रास अनेक स्त्रियांत चौथ्या महिन्यानंतर कमी होतो. तापासह डोके दुखत असल्यास हिवतापासाठी रक्त तपासून घ्यावे.

औषधांची निवड :
गोळी आवश्यकच असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल हा पहिला पर्याय मानला जातो. ते कमीत कमी मात्रेत व कमीत कमी दिवस घ्यावे. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असल्याने नकळत दुप्पट मात्रा होण्याचा संभव असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके स्वतःहून घेऊ नयेत. विसाव्या आठवड्यानंतर त्यांचा गर्भाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल घटू शकते. अर्धशिशीवरील अर्गोटामाइनयुक्त गोळ्या गर्भावस्थेत वर्ज्य आहेत. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या विकाराला प्रतिबंध म्हणून दिलेली अल्प मात्रेतील ॲस्पिरिन ही वेगळी बाब असून ती परस्पर बंद करू नये.

धोक्याची डोकेदुखी :
विसाव्या आठवड्यानंतर नव्याने सुरू झालेली किंवा न थांबणारी डोकेदुखी हे पूर्वप्रसूतिआक्षेप (प्रीएक्लॅम्प्सिया) या विकाराचे लक्षण असू शकते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असल्यास तातडीने तपासणी आवश्यक असते. १६०/११० ही पातळी आणीबाणीची होय. डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, छातीखाली पोटात दुखणे, चेहरा व हातांवर अचानक सूज ही सोबतची लक्षणे होत. उपचाराअभावी झटके येऊन माता व बालक दोघांचेही प्राण धोक्यात येतात. ३३ देशांत झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत मॅग्नेशियम सल्फेटमुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. म्हणजेच उपचार उपलब्ध आहे. प्रश्न वेळेवर पोहोचण्याचा आहे. येथे एक बाब ध्यानात घ्यावी : गोळीने वेदना थांबते, रक्तदाब उतरत नाही. म्हणून डोके थांबले, याचा अर्थ धोका टळला असा होत नाही.

एकाएकी उठलेली असह्य कळ, मान ताठरणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे हीदेखील आणीबाणीची लक्षणे आहेत. प्रसूतीनंतरचे सहा आठवडेही जोखमीचे असतात. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची समजूत काही घरांत आढळते; शरीर कोरडे पडल्यास मेंदूतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते.

उपलब्ध सेवा व महाविद्यालयांची भूमिका :
आशा कार्यकर्ती, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र येथे रक्तदाब व लघवीतील प्रथिने यांची तपासणी होऊ शकते. पुढील उपचारांसाठी डहाणू व कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दरमहा ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी केली जाते. आणीबाणीत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. स्थलांतरित मातेने माता व बाल संरक्षण कार्ड सोबत नेल्यास तपासणीत खंड पडत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामशिबिरांत विद्यार्थ्यांनी ही माहिती वारली व इतर स्थानिक बोलींतून पोहोचविल्यास तिचा उपयोग अधिक होईल. विवाहित विद्यार्थिनींच्या तक्रारींकडेही प्राध्यापकांनी याच दृष्टीने पाहावे.

निष्कर्ष :
गर्भावस्थेतील बहुतेक डोकेदुखी साध्या उपायांनी बरी होते. तथापि पाचव्या महिन्यानंतर डोके दुखू लागल्यास गोळीपूर्वी रक्तदाब मोजणे हाच सुरक्षित क्रम होय. काही मिनिटांची ही तपासणी दोन जीव वाचवू शकते.