जानुसंधीतील फाटलेली कूर्चा: निदान आणि आपली मर्यादा

गुडघेदुखीच्या प्रत्येक रुग्णास संधिगत वात ठरवून जानुबस्ती आरंभण्याची घाई आपल्याकडून अनेकदा होते. या घाईत फाटलेली कूर्चा दृष्टीआड राहते, म्हणून हा लेखनप्रपंच.

मांडी व नडगी यांच्या अस्थींमध्ये दोन अर्धचंद्राकृती कूर्चा असतात. आधुनिक शास्त्र त्यांना मेनिस्कस म्हणते. भार विभागणे व आघात शोषणे हे त्यांचे कार्य. प्रौढांत रक्तपुरवठा केवळ त्यांच्या बाहेरील कडेस असतो. म्हणून कडेची फाट भरून येऊ शकते, आतील सहसा भरत नाही. सुश्रुताचार्यांनी जानु हे वैकल्यकर मर्म मानले असून तेथील आघाताने खंजता येते, असे सांगितले आहे.

तरुण रुग्णात पाय रोवलेला असता गुडघ्यास पीळ बसल्याचा इतिहास मिळतो. मध्यम वयानंतर झिजलेली कूर्चा उकिडवे बसून उठण्यासारख्या साध्या हालचालीनेही फाटते. सांध्याच्या रेषेवर दाबल्यास होणारी वेदना, काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी येणारा शोथ आणि गुडघा मध्येच अडकणे, ही लक्षणे महत्त्वाची होत.

गुडघा अडकून पूर्ण सरळ होत नसेल, तर बलपूर्वक मर्दन वा ताण देऊ नये. रुग्णास त्वरित अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. आघातानंतर लगेच मोठी सूज आल्यास अथवा पायावर भार देता येत नसल्यास अस्थिभग्न व स्नायुबंधाची इजा यांचा विचार प्रथम करावा.

झिजेमुळे झालेल्या फाटीत मात्र शस्त्रक्रियेची घाई नको. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात १४६ रुग्णांपैकी काहींची फाटलेली कूर्चा दुर्बिणीद्वारे छाटली, तर काहींवर केवळ लटकी शस्त्रक्रिया केली. वर्षाअखेरीस दोन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखीच आढळली.

अशा रुग्णांत आरंभी विश्रांती द्यावी. उष्ण, शोथयुक्त सांध्यावर स्वेदन टाळावे. शोथ उतरल्यावर मांडीच्या स्नायूंचे व्यायाम नियमित करवावेत. उकिडवे बसणे व वज्रासन काही काळ वर्ज्य करावे. वेदनाशमनार्थ सौम्य अभ्यंग योजता येतो. परंतु तेलाने वा गुग्गुळकल्पाने फाट सांधली जाईल, असे आश्वासन आपण देऊ नये. तसा पुरावा नाही. काही आठवड्यांत उतार न पडल्यास एमआरआय व तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

रुग्णास वेळीच योग्य ठिकाणी पाठविणे हाही चिकित्सेचाच भाग होय, असे आम्ही मानतो.