मनाचा ताण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग

लघवी करताना आग होणे, वारंवार जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे या त्रासाला खेड्यापाड्यांत ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. अंगातील उष्णता हेच त्याचे कारण समजले जाते. वास्तविक पुष्कळदा तो मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतो. परीक्षा, सुगीची धावपळ किंवा घरातील आजारपण अशा ओढाताणीच्या काळात हा विकार उलटल्याचा अनुभव अनेक स्त्रियांना येतो. या दोहोंत नाते कोणते?

केवळ ताणामुळे संसर्ग होत नाही. त्यासाठी जंतू लागतात. बहुतेक वेळा तो आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू असतो. थिओडोर एशेरिच यांनी १८८५ मध्ये त्याचे वर्णन केले. गुदद्वाराजवळून तो मूत्रमार्गात शिरतो. हा मार्ग पुरुषांत सुमारे २० सेंटिमीटर, तर स्त्रियांत केवळ ४ सेंटिमीटर लांब असल्याने स्त्रियांना हा विकार अधिक होतो.

ताण या जंतूंना दोन प्रकारे वाट करून देतो. दीर्घकाळ ताण राहिल्यास मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे द्रव्य अधिक पाझरते आणि शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. सततच्या ताणाने या ग्रंथी वाढतात, हे हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले होते.

दुसरी वाट सवयींची. चिंतेत माणूस पाणी पिण्यास विसरतो, झोप मोडतो, लघवी तुंबवून ठेवतो. ओटीपोटाचे स्नायू आखडले तर मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही. लघवीच्या प्रवाहाबरोबर जंतू धुऊन निघतात. ती साचून राहिली की ते वाढतात.

शाळेतील मुलीचे उदाहरण पाहावे. स्वच्छतागृहाला कडी नाही, आत पाणी नाही. संकोचापोटी ती सकाळपासून पाणीच पीत नाही आणि शाळा सुटेपर्यंत कळ सोसते. शेतावर आडोसा न मिळणाऱ्या मजूर स्त्रीचीही हीच स्थिती. हा संकोचही ताणच होय.

उपाय साधे आहेत. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांची एक पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ज्यांनी वर्षभर रोज दीड लिटर जादा पाणी घेतले, त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. लघवी रोखू नये. शौचानंतर स्वच्छता पुढून मागे करावी. पुरेशी झोप घ्यावी आणि मनातील काळजी घरच्यांशी बोलून हलकी करावी.

धण्याचे पाणी किंवा शहाळे जरूर प्यावे. मात्र त्याने जंतू मरत नाहीत. त्रास होताच प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी तपासून घ्यावी आणि डॉक्टरांनी दिलेला औषधक्रम पूर्ण करावा. उरलेल्या किंवा शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नयेत. थंडी वाजून ताप, पाठीच्या बाजूला कळ किंवा लघवीतून रक्त ही लक्षणे दिसल्यास विलंब करू नये. गरोदर स्त्रिया व मधुमेही यांनी विशेष दक्ष राहावे.

ताण पूर्णपणे टाळणे कोणाच्याच हाती नसते. परंतु शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी आणि आत पाणी असावे, एवढी व्यवस्था मुख्याध्यापक व ग्रामपंचायत यांना निश्चितच करता येईल. अनेक मुलींचे दुखणे तेवढ्याने टळेल.