पोर्टेबल एसीचा पाइप आणि फटीतून शिरणारा दमटपणा

वर्सोव्यात, यारी रोडपासून सात बंगल्यापर्यंत, अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूला एसी हवा असला की अडचणी ठरलेल्या. भिंतीला भोक पाडायला मालक तयार नसतो, दर्शनी बाजूला आउटडोअर युनिट लावायला सोसायटीची हरकत असते आणि ग्रीलमागच्या स्लायडिंग खिडकीत विंडो एसी बसत नाही. मग चाकांवरचा पोर्टेबल एसी घरात येतो. त्याचा जाड पाइप खिडकीबाहेर काढला की काम झालं, अशी समजूत असते. समुद्राकाठच्या घरात मात्र त्यानंतरचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: पाइपातून गेलेल्या हवेच्या जागी कुठली हवा आत येते?

पाइपाला पर्याय नाही, हे आधी स्पष्ट असावं. एसी उष्णता नाहीशी करत नाही, उचलून दुसरीकडे टाकतो, आणि त्यासाठी खाल्लेल्या विजेचीही उष्णताच होते. पाइप खोलीतच सोडला तर खोली उलट तापते. पण एका पाइपाचं यंत्र ही उष्णता बाहेर फेकायला खोलीतलीच हवा वापरतं. ताशी 300 घनमीटर हवा बाहेर जाते असं धरलं, तर दहा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा तासाला नऊ-दहा वेळा निघून जाते. तेवढीच हवा दाराखालून, खिडकीच्या रुळांतून, संडास-बाथरूमच्या बाजूने आत खेचली जाते. मे महिन्यातल्या रात्री बाहेर 30 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असेल आणि आत 25 अंश व 50 टक्के हवी असेल, तर या हवेबरोबर तासाला साडेतीन लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात घरात शिरतं. ते काढणं आणि हवा पाच अंशांनी उतरवणं यालाच जवळपास तीन किलोवॉट लागतात. एक टनाच्या यंत्राची छापील क्षमता साडेतीन किलोवॉट! यंत्रातली पाण्याची टाकी भरून ते मध्यरात्री बंद पडतं ते यामुळेच.

नागपुरात पारा 44 वर असतो, मग तिथे हाल जास्त व्हायला हवेत, असं कोणी म्हणेल. हाच हिशेब तिथे केला तर आत शिरणाऱ्या हवेचं ओझं दोन किलोवॉटच्या आसपास भरतं, कारण ती हवा कोरडी असते. थर्मामीटरवरचा आकडा वर्सोव्यात फसवतो. यंत्रावरचा छापील आकडाही तसाच. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 2016 मध्ये या यंत्रांच्या चाचणीची पद्धत ठरवताना आत शिरणारी हवा आणि पाइपाची धग दोन्ही हिशेबात घेतली. जुन्या मोजणीत 14,000 बीटीयू क्षमतेची म्हणून विकली जाणारी अनेक यंत्रं त्या मोजणीत 10,000 च्या आत आली.

मग सगळ्या फटी बुजवाव्यात का? खिडकीची फट जरूर बुजवावी: स्लायडिंगच्या रुळात अॅक्रिलिकची पट्टी बसवून पाइपापुरतं गोल भोक ठेवावं, नाहीतर फेकलेली गरम हवाच परत आत येते. पण खोली पूर्ण हवाबंद केली तर पंख्याला फेकायला हवा मिळत नाही आणि कॉम्प्रेसर तापतो. घरात गॅसचा गिझर असेल तर धोका गंभीर आहे. खोलीत निर्माण होणारी ओढ बाथरूममधला कार्बन मोनॉक्साइड आत आणू शकते, त्याला ना वास ना रंग. त्या घरात हे यंत्र आणि गिझर एकाच वेळी कधीही चालवू नयेत. पाइप इमारतीच्या डक्टमध्ये सोडणंही चुकीचं, कारण ती गरम हवा शेजाऱ्याच्या बाथरूमच्या खिडकीतून त्याच्या घरात जाते.

दोन पाइपांचं यंत्र गरम भाग थंड करायला बाहेरचीच हवा घेतं आणि बाहेरच सोडतं, म्हणून खोलीत ओढ जवळपास राहत नाही. ते महाग पडतं आणि दुकानात सहज दिसत नाही, हे खरं. तरी वर्सोव्यात आधी त्याचीच चौकशी करावी. एका पाइपाचंच यंत्र घ्यावं लागलं तर पाइप आखूड, सरळ ठेवावा आणि त्यावर उष्णतारोधक वेष्टण घालावं. जोडून लांबवू नये. मुळात भाडेकरूंना या यंत्रांकडे ढकलतात ते सोसायट्यांचे नियम. मागच्या बाजूला आउटडोअर युनिटसाठी एक ठरावीक जागा आणि एकसारखे ब्रॅकेट मंजूर करायला सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो, आणि दर्शनी भिंतही जशीच्या तशी राहते.